शेवटचं पान राहिलंय, बाई

बाई, भांडण अर्ध्यावर टाकून गेलात. हे काही बरं केलं नाही.

आमच्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर अशी रीत नाही. तिथं वाद सुरू झाला की तो मिटवूनच माणूस घरला जातो, मग चार दिवस लागले तरी चालतील. तुम्ही इतकी वर्षं तिथं उभं राहून दूध प्यायलात, तुम्हाला हे ठाऊक होतं. तरी गेलात.

तुमच्या वाचनालयातली माणसं परवा आली होती. तुमच्या नावानं स्मरणिका काढणार म्हणाली. ‘ज्ञानबा, तुम्ही नुसतं बोला, आम्ही लिहून घेतो.’ मी म्हटलं, ‘तुमी लिवून घेतलं तर ते तुमचं हुईल. माजं मी बगतो.’ माझी शाळा तिसरीतच सुटली. अक्षराला अक्षर जोडून वाचतो. लिहायला बसलो तर एका ओळीला अर्धी सकाळ जाते. म्हणून मी सांगतोय आणि शालन लिहितीय. ती माझं बोलणं जरा सरळ करून लिहिते. करू दे. पण कोण काय बोललं ते मात्र जसंच्या तसं लिही, असं तिला बजावलंय.

शालन माझी मुलगी. तिला तुम्ही चांगलं ओळखत होता. पण तिच्या एका गोष्टीबद्दल, मी एकदा तुमच्यावर ओरडलो ते सोडलं तर, आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढं सांगायला आज बसलोय.

पंचगंगेच्या घाटावर तुमच्यासाठी माणसं पुष्कळ जमली होती. पुण्याकडची मंडळीही आली होती. त्यातले एक जण बोलायला उभे राहिले. ‘बाईंनी जन्मभर एकटेपण सोसलं आणि तेच कागदावर उतरवलं,’ असं म्हणाले. मी मागं उभा होतो. मनात आलं, पुढं जाऊन म्हणावं, पावणं, एकटेपण कुठलं हो? बाई रोज संध्याकाळी आमच्यात असायच्या. तालमीतली पोरं, हमाल, कल्हईवाला बशीरभाई, मी आणि माझी चंद्री म्हैस. एवढ्या गोंगाटात माणूस एकटं कसं राहील? मग वाटलं, त्यांचंही खरं असेल. तुम्ही घरी गेल्यावर काय होत होतं ते मला ठाऊक नाही. संध्याकाळचं तेवढं ठाऊक आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते मला अजून दिसतं. मुलींच्या शाळेत शिकवायला तुम्ही या गावात नव्यानंच आला होता. आमच्या कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि गिऱ्हाईकानं तिथंच फेसाचं दूध प्यायचं, ही जुनी पद्धत. पण पिणारे सगळे पुरुष. बाया लोटा घेऊन यायच्या, दूध घ्यायच्या आणि पदर सावरून निघून जायच्या. तुम्ही आलात आणि हात हलवत उभ्या राहिलात.

मी विचारलं, ‘बाई, भांडं कुठाय?’

‘भांडं कशाला? तोंड आणलंय की.’

पैलवान पोरं दुसरीकडं बघायला लागली. बशीरभाईला गप्प बसवत नाही हे तुम्हाला पुढं कळलंच. तो म्हणाला, ‘बाई, ह्ये तालमीचं दूध हाय. चा पिणाऱ्या पोटाला सोसायचं न्हाय.’

‘नाही सोसलं तर उद्या तुम्हालाच सांगायला येईन.’

मी पेला भरून दिला. तुम्ही एका दमात प्यायलात. वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी. मी नजरेनं खुणावलं, पुसा म्हणून. तुम्ही चौफेर बघितलंत आणि म्हणालात, ‘राहू दे. सगळ्यांना आहे, मलाच नको का?’

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर. मला नाही, आधी बशीरभाईला म्हणालात, ‘सोसलं हो.’ तेव्हापासून तुम्ही कट्ट्याच्या झालात. गावात बोलणारे बोलले. शाळेतल्या थोरल्या बाईंनी तुम्हाला बोलावून समज दिली, हेही आम्हाला कळलं होतं. तुम्ही आम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही, आणि येणं एक दिवसही चुकवलं नाही. त्यावर मी मनात म्हटलं, ही बाई आपल्यासारखीच आहे. एकदा पाय रोवला की रोवला.

तुम्ही गोष्टी लिहिता हे आम्हाला उशिरा कळलं. एकदा मी विचारलं, ‘बाई, लिवता म्हंजे तुमी नेमकं करता काय?’ दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तुम्ही चंद्रीच्या कासेकडं बघत थोडा विचार केलात. म्हणालात, ‘तुम्ही समोर धार काढता ना, तसं करायचा प्रयत्न करते. दूध आत नेऊन बाहेर आणलं की माणसाला शंका येते, पाणी घातलं असेल. मला वाक्य असं लिहायचंय की मध्ये पाणी घालायला जागाच राहू नये.’

हे मला तिथल्या तिथं पटलं. तुमचं बोलणं मला सरळ पटलं असं तेवढंच. बाकी सगळं भांडणच.

मग तुमचं दुसरं पुस्तक निघालं. पेपरात त्याच्यावर बरंवाईट छापून आलं. कुणी म्हणे ही कादंबरीच नव्हे, कुणी म्हणे बाईमाणसानं असलं लिहू नये. तुम्ही एक पुस्तक मला आणून दिलंत. कव्हरावर नुसतं एक दार, दुसरं काही नाही. मला ते वाचून व्हायला जन्म गेला असता. शालन तेव्हा सातवी पास होऊन घरी बसलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळं घर आणि गोठा दोन्ही तिच्याच अंगावर. दुपारच्याला मी सरकी पेंड भिजवत बसायचो आणि ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचायची.

काय ते पुस्तक! त्यातल्या बाईला नाव नाही. नुसती ‘ती’. ती तांदूळ निवडायला बसते. मी पेंड भिजवली, वैरण टाकली, रेडकू बांधून आलो, तरी ती निवडतेच आहे.

‘अगं, अजून तांदूळच?’

‘आबा, गप बसा की. तांदूळ निवडताना आसंच असतंय.’

‘कसं असतंय?’

‘हात तांदळात असत्यात न् मन कुटंबी फिरतंय. बाईंनी बरोबर लिवलंय.’

माझ्या घरात इतकी वर्षं तांदूळ निवडले जात होते. निवडणाऱ्याचं मन कुठं जातं याचा मी कधी विचारच केला नव्हता. पण हे मी तिला बोलून दाखवलं नाही, आणि तुम्हालाही नाही.

पुस्तकाच्या शेवटी ती बाई चूल विझवते, अंगणातली वाळत घातलेली कापडं गोळा करून घडी घालून ठेवते, बाहेर येते, दाराला बाहेरनं कडी लावते आणि रस्त्याला लागते. नवरा मारकुटा नाही. दारू पीत नाही. सासू बरी आहे. घरात काही कमी नाही. आणि ही निघाली! कुठं निघाली, का निघाली, काही नाही. शालन वाचायची थांबली.

‘वाच की फुडं.’

‘संपलं.’

‘संपलं कसं? पान फाटलं असंल. बग नीट.’

‘न्हाय वो आबा. हितंच संपलंय.’

माझा विश्वास बसला नाही. छापखान्यात पानं इकडची तिकडं होतात हे मी ऐकून होतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळून कट्ट्यावर नेलं आणि सगळ्यांसमोर तुमच्या हातात दिलं. म्हटलं, ‘बाई, ह्ये खराब निगालं. शेवटचं पान छापायचं राहिलंय. दुसरं बदलून द्या.’

तुम्ही पुस्तक उलटसुलट केलंत. आधी तुमच्या कपाळाला आठी पडली. मग तुम्ही हसायला लागलात ते इतक्या, की पेल्यातलं दूध साडीवर सांडलं. मला राग आला. गिऱ्हाईक दूध नासकं म्हणून परत आणतं तेव्हा मी हसत नाही.

‘ज्ञानबा, पान राहिलेलं नाही. तेवढंच आहे.’

‘आसं कसं? ती गेली का?’

‘ते तिला ठाऊक.’

‘लिवणार तुमी, न् ठाऊक तिला?’

‘तसंच.’

पुस्तक मी परत घरी नेलं आणि तिथून ते भांडण सुरू झालं. तुम्ही पेला हातात घेतला की मी विचारायचो, ‘का गेली?’ आणि तुम्ही म्हणायचा, ‘दूध पिऊ द्या.’ पंचमी येऊन गेली, दसरा गेला, माझा प्रश्न तसाच. बशीरभाई म्हणायचा, ‘ज्ञानबा, ती बया तुज्या पावण्यातली हाय काय? सोड की तिला.’ मी सोडत नव्हतो. पुण्याचे एक प्राध्यापक तुमच्यासोबत कट्ट्यावर आले होते. ते म्हणाले, हे पुस्तक सामान्य माणसाला कळणं अवघड आहे. मी म्हटलं, ‘कळतं की! पटत न्हाय.’ त्यावर तुम्ही किती खूश झालात! नंतर कितीतरी जणांना सांगत सुटलात, ‘माझा एकच वाचक खरा. त्याला कळतं आणि पटत नाही.’ मला ती शाबासकी आहे की टोमणा आहे हे अजून ठरवता आलेलं नाही. पण बरं वाटलं होतं. आज सांगून टाकतो.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही गवळी म्हशी सजवून पळवतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पुढं हलगी. आणि खरी चढाओढ ही की मालकानं पुढं धावायचं, दोरी नाही, काठी नाही, आणि नुसत्या हाकेवर म्हशीनं मागं पळत यायचं. त्या वर्षी मी सायकलवर पुढं होतो. ‘चंद्रेऽऽ’ म्हणून हाक टाकली आणि गर्दीतनं वाट काढत ती जी सुटली ती माझ्या मागच्या चाकाला येऊन भिडली. लोकांनी फेटे उडवले. मी मिशीला पीळ देत तुमच्यासमोर येऊन थांबलो.

तुम्ही विचारलंत, ‘ही तुमच्याच मागं का येते?’

‘माजी हाक वळखते.’

‘हाक ओळखते हे खरं. पण येते का?’

‘वैरण मी घालतो म्हणून.’

‘वैरण शालनही घालते. तिच्या मागं अशी पळते?’

‘न्हाय.’

‘मग?’

मी पुष्कळ विचार केला. हलगी वाजत होती, म्हैस माझ्या खांद्याला तोंड घासत होती. शेवटी म्हटलं, ‘का म्हंजे काय? येते. बस.’

‘मग माझी बाई गेली. बस,’ तुम्ही म्हणालात आणि पाडव्याचा पेढा तोंडात टाकलात.

तो डाव तुम्ही जिंकला. मी त्या दिवशी कबूल केलं नाही. म्हटलं, ‘म्हशीचं येगळं, बाईचं येगळं.’ आणि दुसऱ्या दिवशी परत विचारलं, ‘का गेली?’

पुढं शालनचं लग्न झालं. गारगोटीकडचं घर, बागायत जमीन, माणसं बोलायला गोड, जावई निर्व्यसनी. तुम्ही लग्नाला आला होता. पंगतीत बसून जेवलात आणि शालनच्या हातात एक पुस्तक ठेवलंत. पाठवणीच्या वेळी मी रडलो नाही असं मी सांगत असतो. तुम्ही बघितलं होतं.

दुसऱ्या वर्षी, पाऊस उघडल्यावर, एका दुपारी शालन दारात उभी. हातात पत्र्याची ट्रंक. सोबत कुणी नाही. गारगोटीच्या गाडीनं एकटी आली होती.

मी विचारलं, ‘काय झालं?’ बोलली नाही. ‘मारलं काय?’ मान हलवली, नाही. ‘उपाशी ठेवलं?’ नाही. ‘मग का आलीस?’ काही नाही. ट्रंक कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि गोठा झाडायला लागली.

गाव लहान असतं, बाई. तिसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ आला. तो उंबऱ्यातनंच सुरू झाला. ‘कारण काय? कारण सांगितल्याबिगर पोरगी घरात ठेवतात काय? उद्या माज्या पोरींची लग्नं व्हायची हायेत.’ शालन आत पोतेऱ्यानं चूल सारवत होती. तिचा हात थांबला नाही. मग भावाचं लक्ष फळीवरच्या तुमच्या पुस्तकाकडं गेलं. ‘ह्यानं बिगडवली तिला. कडी लावून निगून जायाचं हितनंच शिकली. तूच वाचायला लावलंस, भोग आता.’

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, खरंच की. तीच गोष्ट. मारकुटा नवरा नाही, सासू बरी, काही कमी नाही, आणि निघाली. मी हातातली दुधाची कासांडी तिथंच टाकली आणि तुमच्या खोलीवर आलो. तुमच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदाच आलो. माडीवरच्या दोन खोल्या, खिडकीतनं रंकाळ्याचं पाणी दिसत होतं. टेबलावर कागद पसरलेले, आणि जितकं लिहिलेलं त्याच्याहून जास्त खोडलेलं.

मी दारातच ओरडलो. ‘बाई, तुमच्या पुस्तकानं माजी पोरगी परत आली! आता तरी सांगा, ती का गेली? तुमची बाई का गेली ते सांगा, म्हंजे माजी का आली ते मला कळंल.’

तुम्ही उठलात. मला वाटलं भांडणार. मला वाटलं म्हणाल, पुस्तकानं कुणी घर सोडत नसतं. नाहीतर म्हणाल, ज्ञानबा, बसा, पाणी घ्या. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत,

‘ती जेवली का?’

‘काय?’

‘आल्यापासून शालन नीट जेवली का, ज्ञानबा?’

ती मला वाढत होती, मी जेवत होतो. तिनं कधी ताट घेतलं, काय खाल्लं, मी बघितलंच नव्हतं. मी कारण शोधत होतो. जिना उतरून घरी आलो आणि सरळ गोठ्यात गेलो. मागल्या वेताच्या रेडकाच्या घमेल्यात भाकरीचे तुकडे होते. सगळी तिच्या वाटणीची भाकरी रेडकू खात होतं.

चंद्री नुकतीच व्याली होती. चीक होता. भाकरी-कालवणापलीकडं मी चुलीवर कधी काही केलं नव्हतं, पण त्या दिवशी गूळ किसला, वेलदोडा कुटून घातला आणि खरवस केला. पातेल्याच्या बुडाला लागला, थोडा करपला. ताटलीत वड्या पाडल्या त्याही वाकड्यातिकड्या. तिच्यापुढं ठेवला आणि समोर बसून राहिलो. ती म्हणाली, ‘आबा, करपलाय.’ मी म्हटलं, ‘खा.’ तिनं एक वडी खाल्ली. मग दुसरी. मग डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ती खात होती. मी का रडतेस असं विचारलं नाही. तिथून पुढं ‘का’ हा शब्द मी तिच्यापुढं काढलाच नाही.

सासरची माणसं आली. सासरा, मध्यस्थ आणि माझा भाऊ. घोंगड्यावर बसले. मध्यस्थ म्हणाला, ‘ज्ञानबा, आमाला कारण कळू द्या. चूक आमची असंल तर आमी मान्य करतो. तिची असंल तर तिनं करावी.’

मी म्हटलं, ‘कारण न्हाय.’

‘कारणाबिगर कोण घर सोडतंय?’

‘माज्या दारात चुकार जनावर आलं तर मी आदी वैरण टाकतो. कुटनं आलास, का आलास, न्हाय इचारत. ही तर माजी लेक हाय. ती हितं ऱ्हाणार.’

भाऊ उसळला, ‘लोक काय म्हंतील?’

‘लोकास्नी म्हणावं, दूध प्या न् घरला जावा.’

पुढं भावानं माझ्याकडं येणंजाणं तोडलं ते त्याच्या मरणापर्यंत. मला त्याचं वाईट वाटलं, पण पस्तावा कधी झाला नाही. माझ्या जागी दुसरा बाप असता तर त्यानं त्या दिवशी पोरीला परत गाडीत बसवलं असतं. मीही बसवलं असतं, बाई. तुमच्या खोलीवर येईपर्यंत माझ्या मनात तेच होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शालनलाही नाही. आता ती लिहितीय, तिला कळलं.

सासरची माणसं परत गेली त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कट्ट्यावर आलात. तुम्ही काही विचारलं नाहीत. मी काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, बोलावं. पण ज्या बाईला दारात उभं राहून बोल लावला तिचे उपकार कट्ट्यावर सगळ्यांसमोर कसे मानायचे? माझी मान तेवढी लवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच होतं. मी नुसता पेला भरला. इतका भरला की फेस वरनं ओघळून तुमच्या हातावर आला.

‘आज फेस जास्त आहे,’ तुम्ही म्हणालात.

‘म्हस ताजी व्यालीय,’ मी म्हटलं.

संपलं. एवढंच आपलं बोलणं. त्यातलं सगळं तुम्हाला समजलं असेल, तुम्ही मध्ये पाणी न घालणारी बाई. पण मला तोंडानं बोलायचं होतं ते राहिलंच.

त्यानंतर आपलं भांडण थांबलं नाही. मी बरेच दिवस त्याच हट्टानं विचारत राहिलो. मग एकदा तुम्ही पेला खाली ठेवलात आणि माझ्याकडं रोखून बघितलंत. ‘ज्ञानबा, तुमचा प्रश्न बदलला.’

‘बदलला न्हाय. तोच हाय.’

‘नाही. पूर्वी तुम्ही विचारायचा, ती का गेली. आता किती दिवस झाले, विचारता, ती कुठं पोचली.’

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच, मी तेच विचारत होतो. कडी लावून रस्त्याला लागली, ठीक आहे. पण पुढं? गाडी मिळाली काय? कुणाच्या दारात गेली? त्यांनी आत घेतली काय? मला त्या बाईची काळजी लागून राहिली होती.

‘मग सांगा की. कुटं पोचली?’

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, ‘मला खरंच माहीत नाही. मी तिला रस्त्यापर्यंतच बघितलं. तुम्हाला कधी कळलं तर मला सांगा.’

शालन इथंच राहिली. म्हशी वाढवल्या. मला गुडघ्यामुळं बसून धार काढणं जमेना, तशी ती कट्ट्यावर येऊन स्वतः धार काढायला लागली. पहिल्या दिवशी पोरं चेष्टा करणार एवढ्यात तुम्ही तिच्यापुढं जाऊन म्हणालात, ‘पेला भरा, शालनबाई.’ ‘बाई’ म्हणालात तिला, ‘तुम्ही’ म्हणालात, आणि तिनं पेला भरला. बशीरभाई मागनं म्हणाला, ‘आता आमची मिशी सुद्दा बायकांच्या हातात गेली!’ सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून तिला कट्ट्यावर कुणी वाकडं बोललं नाही. आता शाळेतल्या मुली, दवाखान्यातल्या नर्शीबाया, भाजीवाल्या, सगळ्या उभ्या राहून पितात आणि मिशा पुसत नाहीत. हे काय कुणी कुठं लिहिणार नाही. तुमच्या पुस्तकांवर लोक लिहितील. म्हणून मी हे लिहून ठेवतो.

शेवटी तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी संध्याकाळी दूध घेऊन माडीवर यायचो. गुडघा कुरकुरायचा, तरी शालनला पाठवलं नाही. तुम्हाला घोटभरही जाईना. नुसता फेस ओठाला लावायचा. तशातही तुम्ही बोट वर करून विचारलंत, ‘कळलं का, ज्ञानबा? कुठं पोचली?’

मला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं. आणि मी म्हटलं काय, तर ‘आदी बऱ्या व्हा, मग भांडू.’ तुम्ही हसलात. तिसऱ्या दिवशी आम्ही तुम्हाला घाटावर नेलं.

तर आता सांगतो. तुमचं पुस्तक मी खराब म्हणून परत आणलं होतं. त्याचं राहिलेलं पान मी देतो. ते तुमच्या लिहिण्यात बसणार नाही, खोडावंसं वाटेल. पण आता तुम्हाला खोडता येत नाही. हा डाव माझा.

बाई, ती पोचली. दार उघडं होतं.

इथं शालननं पेन खाली ठेवलंय. म्हणतीय, ‘आबा, खोटं नका सांगू. दार उगडं कुटं हुतं? दुपारचं झोपला हुता तुमी, पहाटंची धार असती म्हणून. आतनं कडी हुती. मी हाक मारली तवा उठला.’

मी म्हटलं, एवढं बारीक कशाला? ती म्हणतीय, ‘बाईंच्या पुस्तकात लिवायचं तर बरोबर लिवायला पायजे.’

बरं. तर बाई, ते पान असं आहे. दाराला आतनं कडी होती. तिनं बाहेरनं हाक मारली. म्हाताऱ्याला आयुष्यभर आपल्या हाकेचा ताठा. त्या दुपारी हाक तिची होती. तो झोपेतनं उठला आणि त्यानं कडी काढली.

का उठला, ते तुम्ही विचारणार नाही. मला ठाऊक आहे.